ओट्यावरची चावी

जुनी गाडी बघायला गेलात की आधी इंजिनाला हात लावावा. गरम लागलं, तर समजायचं की विकणाऱ्याने आपण यायच्या आधीच ती चालू करून ठेवली होती. थंड असताना ती कुरकुरते आणि ते आपल्या कानावर पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. आयटीआयच्या पोरांना मी दरवर्षी हे शिकवतो. मोटार मेकॅनिकच्या वर्गाचा निदेशक आहे मी. खोटेपणा मला लगेच कळतो, असा माझा समज होता. यंत्रापुरता तो अजूनही बरोबर आहे.

चाळिशीला टेकलो तेव्हा मला साडेसहाशे सीसीची स्पोर्ट्स बाइक घ्यायची होती. नवी आवाक्याबाहेरची, म्हणून जुनी. परभणीत असली गाडी चालवणार कुठे, हे मला शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. इथल्या गतिरोधकांवर तिचं पोट घासतं, आणि सहावा गिअर टाकावा एवढा मोकळा रस्ता देवगाव फाट्याकडे गेल्याशिवाय मिळत नाही. पण मला ती हवी होती. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. कॉलेजात असताना, वडील ज्यांच्याकडे राबायचे त्या गावातल्या मालकाचा मुलगा असल्या गाड्या उडवत जायचा. माझ्याच वर्गातला. मी बसची वाट बघत फाट्यावर उभा असायचो आणि नुसत्या आवाजावरून सिलिंडर किती ते ओळखायचो. तो हात करायचा, थांबायचा नाही.

दोन गाड्या नजरेत भरल्या. पहिली शहरातल्याच एका दलालाकडे, लालभडक. "सर, बटन मारा, गाडी बोलती," दलाल म्हणाला. बोलली खरी. पण इंजिन कोमट होतं. हँडल पूर्ण वळवल्यावर ते जिथे अडतं, ती चासीवरची गुठळी एका बाजूने चेपली होती आणि नेमका तेवढाच रंग ताजा होता. म्हणजे गाडी समोरून कशावर तरी जोरात आदळलेली. मी विचारलं, तर दलाल म्हणाला, "पार्किंगमदी पडली व्हती, मामुली." पार्किंगमध्ये पडलेल्या गाडीची मान वाकत नाही.

दुसरी निळी. ती त्या मालकाच्या मुलाचीच होती. तो पुण्याला राहायला गेला होता आणि गाडी गावात शेडमध्ये उभी होती. आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडे. त्याचा फोन आला, "तुझ्याशिवाय हिची कदर कोण करणार सर? बगून तर जा." हे सर म्हणणं थट्टेचं होतं की मानाचं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, जेवत होते. हात थांबला त्यांचा. त्या घरी वीस वर्षं ते सालगडी होते. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत माणूसच ठरवून घेतला की त्याला सालगडी म्हणतात. त्या मुलाचे उतरलेले शर्ट घालूनच मी सातवीपर्यंत गेलो. मला नोकरी लागली त्या दिवशी आबांनी गाव सोडलं आणि त्या घरची उतरलेली चिंधीही पुन्हा आपल्या घरात येणार नाही, असं स्वतःशीच ठरवून टाकलं. शहरात आल्यावर बुद्धवंदनेला पांढरा सदरा ते नवाच शिवून घ्यायचे. जुन्या बाजारातून काही आणलं की घरात दोन दिवस अबोला.

"लाल घे की," ते म्हणाले.

"आबा, लाल गाडीची मान वाकडी हाय. जीव जाईल."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "बगून ये. पर एक ध्यानात ठिव. चावी तुझ्या हातात देत्यात का वट्यावर ठिवत्यात, ते बग. हातात दिली तर घे."

मी हसलो. काळ कुठल्या कुठे गेला आबा, वगैरे काहीतरी बोललो. आबांना हे सांगावंसं का वाटतं, हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं त्यांची भाकरी, त्यांचा चहा, गोठ्याची साखळी-कुलपं, सगळं ओट्याच्या कडेला ठेवलं जायचं आणि तिथून ते उचलायचे.

गेलो. गाडी बघितली आणि वेडाच झालो. इंजिन थंडगार. दोन्ही टायरवरचे बनावटीच्या तारखेचे आकडे एकाच महिन्याचे. साखळीला तेल, सर्व्हिसची वही, सीटखाली कंपनीच्या हत्यारांची पिशवी जशीच्या तशी. मालकाचा मुलगा कागदपत्रं आणायला आत गेला आणि चावी घेऊन त्याची आई बाहेर आली. मी पायरीखाली उभा होतो. हात पुढे केला. बाईंनी तो पाहिला, आणि चावी ओट्याच्या कडेला ठेवली. रागाने नाही, तोऱ्याने नाही. आपण दुधाचं पातेलं झाकतो तसं, सवयीने.

मी ती उचलली. गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. पोखर्णीच्या नरसिंहाच्या कमानीपर्यंत जाऊन आलो आणि त्या सगळ्या वाटेत मला ओटा एकदाही आठवला नाही. अपमान गिळला असता तर निदान गिळला असं म्हणता आलं असतं. मला तो लागलाच नाही. या गोष्टीचा मला स्वतःचा जेवढा राग येतो तेवढा त्या बाईचाही येत नाही.

आबा दारातच बसले होते. "कशी दिली?"

"हातात."

त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. "मग घे," म्हणाले. चेहऱ्यावर असं काही आलं की मला तिथे थांबवेना, मी हातपाय धुवायच्या निमित्ताने आत गेलो.

गाडी घेतली. पंधरा दिवसांनी आबा नवा सदरा घालून तयार. "चल, मला गावात ने. तिनं तुझ्या हातात दिली म्हंतोस, तर मला बी जाऊन भेटलं पायजे. मानसं बदलत्यात, आपुन बी बदलावं."

मी शंभर कारणं सांगितली. मागची सीट उंच आहे, पाय दुखतील. ऐकेनात. सत्तरीचा माणूस माझ्या खांद्याला धरून त्या टीचभर सीटवर बसला आणि रस्ताभर मला गाडी हळू चालव म्हणाला नाही.

मुलगा पुण्याला परतला होता. बाई ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. "काय रे, हायस का अजून?" त्या हसून म्हणाल्या. मग आत जाऊन पाण्याचा पेला आणला आणि ओट्याच्या कडेला ठेवला.

आबांनी पेल्याकडे पाहिलं. उचलून पाणी प्यायले, पूर्ण. पण पेला त्यांनी खाली ठेवला नाही. हात लांब करून तो बाईंसमोर धरला.

"ठिव तितंच," बाई म्हणाल्या.

"घ्या की बाई," आबा म्हणाले.

बाई जागच्या हलल्या नाहीत. आबांचा हात तसाच होता. समोरच्या दुकानातली दोन माणसं बघायला लागली. किती वेळ गेला असेल, फार नाही. मी पुढे झालो, आबांच्या हातातून पेला काढून घेतला आणि ओट्यावर ठेवून दिला.

आबांनी बाईंकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं. मग चालायला लागले.

मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे. "आबा, बसा. आबा, ऊन हाय." इंजिन तापत होतं, क्लचचा वास यायला लागला होता. फाट्यापर्यंत ते थांबले नाहीत. तिथे लिंबाखाली उभे राहून म्हणाले, "तिचं वय झालं, ती काय बदलती आता. चावी बी आशीच ठिवली आसंल, ते कळलं मला. पर तू माझ्या हातून पेला कामून घेतलास?"

मी गाडी बंद केली.

ऑटो आला. आबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मी साडेसहाशे सीसीची गाडी घेऊन त्या ऑटोच्या धुरात परभणीपर्यंत मागे मागे आलो. ओव्हरटेक करायला काही झालं तरी हात धजला नाही.