चाफ्याला पाणी घालू नका

त्या इमारतीत तिला सगळे दातवाली म्हणत. तिचे स्वतःचे दात काही बघण्यासारखे नव्हते. ती दुसऱ्यांचे दात करायची. दोन दवाखान्यांतून मापाचे साचे तिच्याकडे येत आणि मागच्या खोलीत, खिडकीला लागून मांडलेल्या टेबलावर, ती स्पिरिटच्या दिव्यावर मेण मऊ करून कवळीत एकेक दात बसवत राही. ‘चणे आहेत पण दात नाहीत, अशांची सोय करते मी,’ असं ती सांगायची. आणि स्वतःच्या ताटात काय आहे, हा विषय टाळायची.

पूर्वी ती एका मोठ्या लॅबमध्ये नोकरीला होती. लांब टेबल, दोन्ही बाजूंना बायका, हातात काम आणि तोंडाला सुट्टी नाही. आई गेली, आणि वर्षाच्या आत वडील घरातून निघून भलतीकडेच सापडायला लागले. कधी कुणाच्या जिन्यात, कधी बस डेपोत. तेव्हा तिने काम घरी आणलं. थोड्या दिवसांपुरतं, असं लॅबमध्ये सांगितलं होतं. तिच्या खुर्चीवर नंतर दुसरी मुलगी बसली, ती आता तिथली मुख्य झाली होती.

वडिलांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. मधेच बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढण्यात त्यांचा हातखंडा होता. यंत्रं काय, कुणीही शिकतं, ते म्हणायचे. आतल्या माणसाला शांत ठेवणं हे खरं काम. आता त्यांच्याच घराच्या दाराला आतून कडी होती, त्यांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर, आणि कडीला कुलूप. किल्ली दातवालीच्या गळ्यात. दिवसातून कितीदा तरी ते दाराशी जायचे, हातानं चाचपायचे आणि म्हणायचे, “दार जरा जाम झालंय. बघायला पाहिजे.”

“बघू हं बाबा,” ती आतून म्हणायची.

थोरला भाऊ दुसऱ्या गावी होता. रविवारी त्याचा फोन यायचा.

“बाबा कसे आहेत?”

“आहेत.”

“तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे बघ.”

हे वाक्य तो मनापासून बोलायचा, हीच तर पंचाईत होती. भांडायलाही जागा ठेवायचा नाही.

बाल्कनीत आईचा चाफा होता. कुणाच्या तरी अंगणातली काठीएवढी फांदी आणून तिने मोठ्या कुंडीत लावली होती; बघता बघता तो कठड्याच्या वर गेला. थंडीत त्याची पानं गळायची, नुसती बोडकी खोडं उभी राहायची, आणि ऊन तापायला लागलं की पुन्हा पालवी. आई होती तोवर हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी पानं गळली आणि वडिलांनी ठरवलं की झाड तहानेलं आहे. ते पाणी घालायचे. घातलं हे विसरायचे. पुन्हा घालायचे. दातवाली दिव्याशी असायची, मेण हातात असताना उठता यायचं नाही, नळ सुटल्याचा आवाज आला की ती फक्त म्हणायची, “बाबा, झालंय पाणी घालून.” “झालं का? बरं,” म्हणून ते तांब्या ठेवायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा नळ सुटायचा.

खालच्या मजल्यावरच्या मावशींनी तक्रार केली. वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी ठिबकतं म्हणाल्या. मावशी खोटं बोलत नव्हत्या, म्हणून दातवालीने माफी मागितली आणि कुंडीखाली ताट ठेवलं. वडिलांना तेवढं पुरलं नाही. गळती म्हणजे त्यांच्या दृष्टीनं नादुरुस्त वस्तू. कुठून तरी पुट्टी काढून त्यांनी कुंडीचं भोक बुजवून टाकलं. इतकं सफाईदार, की नंतर ते भोक होतं कुठे हेही कळेना. ठिबकणं थांबलं. मावशींनी जिन्यात भेटल्यावर आभार मानले. बुजवलेल्या भोकाचा दातवालीला पत्ताच नव्हता; तिला वाटलं, ताटानं काम केलं.

पालवीचे दिवस आले तरी चाफा बोडकाच. एक दिवस कपडे वाळत घालताना तिने सहज खोडाला हात लावला आणि अंगठा आत गेला. भिजलेल्या पावात जावा तसा. सालीतून तपकिरी पाणी आलं आणि साचलेल्या गटारासारखा वास.

तिने नर्सरीवाल्याला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “वरच्या फांद्या कडक आहेत का?”

“आहेत. टोकाकडच्या.”

“मग मुळांची आशा सोडा, फांद्या वाचवा. सुरी स्पिरिटनं पुसा, प्रत्येक कापाला पुसा. मधला गाभा जिथे स्वच्छ पांढरा दिसेल तिथे थांबा. एवढासाही तपकिरी ठिपका राहिला तर आणखी वर कापा, जीव तुटला तरी. नंतर सावलीत, हवेशीर ठेवून द्या. कापलेली जागा पार सुकून खडखडीत झाली की मग जाड वाळूत लावायची. आणि ताई, पानं फुटेपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच.”

“तेच तर अवघड आहे आमच्याकडे,” ती म्हणाली.

कुंडी आडवी पाडली तेव्हा चिखल एका ढेकळानं बाहेर आला. मुळं हातात धरली तर त्यांची साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसते दोरे. आणि तळाशी वडिलांची पुट्टी. ती त्या पुट्टीकडे बघत बसली. नंतर कापायला लागली. सुरी पुसायची, कापायची, बघायची. तपकिरी. वर कापायची. पुन्हा तपकिरी. माणसाएवढ्या झाडाचे लाकडाच्या चकत्यांसारखे तुकडे बाल्कनीभर झाले. शेवटी तीन टोकं उरली, प्रत्येक हातभर. गाभा पांढरा, आणि कापल्याजागी दुधासारखा चीक भराभर वर आला. चीक आला म्हणून तिला बरं वाटलं.

वडील दारात उभे होते. “काय करतेस हे? तिला काय सांगशील आली म्हणजे?”

आई आता येणार नाही, हे तिने पूर्वी बऱ्याचदा सांगून पाहिलं होतं. प्रत्येक वेळी त्यांना ती बातमी नवीन असायची. म्हणून ती म्हणाली, “तिनेच सांगितलंय.”

फांद्या तिने स्वतःच्या खोलीत, साच्यांच्या फळीवर सुकत ठेवल्या. कापलेल्या जागा हळूहळू आक्रसल्या, त्यांच्यावर खपली धरली. मग तिने नवीन मातीच्या कुंडीत जाड वाळू आणि विटांचे तुकडे भरले, त्यात त्या रोवल्या, हलू नयेत म्हणून काठीला बांधल्या आणि बाल्कनीच्या उन्हात ठेवल्या. बाल्कनीतल्या नळाची तोटी काढून कपाटात टाकली. तांब्या, मग, बादली, सगळं कुलपात. आता आंघोळीलाही किल्ली काढावी लागायची. आधी दार, आता कपाट. गळ्यातला जुडगा वाढत चालला होता.

आणि एवढं करून वडिलांनी पाणी घातलंच. पिण्याच्या भांड्यानं, स्वयंपाकघरातून, फेऱ्या मारून. तिच्या हातात दवाखान्याचं घाईचं काम होतं, ती उठलीच नाही. बाहेर आली तेव्हा कुंडीतून पाणी वाहत होतं. तिने एकेक फांदी उपसून बघितली. दोन खालून मऊ पडल्या होत्या. हे आजचं पाणी नव्हतं, आधीच्या कित्येक दिवसांचं होतं.

ओरडायचं तर कुणावर? ती आत आली, बाल्कनीचं काचेचं दार ओढलं, खिट्टी लावली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. बाबा बाहेर, ती आत. दिवा पेटवला. मेण घेतलं. दात वाकडा बसला. दुसरा घेतला. तोही वाकडा. तिच्या मनात आलं, की असंच बसून राहावं. दारं सगळी बंद आहेत, कुणी कुठे जात नाही, येत नाही. ज्याला जे करायचं ते करो. हा विचार तिला इतका सोपा वाटला की ती घाबरली.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बोटाच्या पेरानं, हलकी. वडिलांचा आवाज आला, पण घरातला नव्हे, कामावरचा. तो आवाज तिने लहानपणी कधीतरी त्यांच्याबरोबर गेली असताना ऐकला होता.

“बाई, ऐकू येतंय ना माझं? घाबरू नका. दाराला टेकू नका, मधोमध उभ्या राहा. हवा भरपूर आहे, आत कुणी गुदमरत नाही. मी इथेच आहे. तुम्हाला सोडून कुठे जाणार नाही.”

ती उठून पुढच्या खोलीत आली. काचेपलीकडे ते उन्हात उभे होते, अनवाणी, शर्ट पुढून भिजलेला. त्यांना वाटत होतं, अडकली आहे ती.

“नाव काय तुमचं?” त्यांनी विचारलं.

तिने नाव सांगितलं.

“छान नाव आहे. माझ्या मुलीचं पण हेच. काही काळजी करू नका, उघडेल आत्ता.”

तिने खिट्टी काढली. दार सरकलं. वडील समाधानानं हसले. “बघा, उघडलं की नाही?” मग त्यांच्या लक्षात आलं की बाई रडते आहे, आणि अशा वेळी बरोबर काय करायचं हे त्यांना नीट ठाऊक होतं. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वयंपाकघरातून पाणी आणून दिलं.

त्या दिवशी उरलेली एकच फांदी तिने पुन्हा स्पिरिटनं पुसलेल्या सुरीनं कापली. निम्मीच राहिली, पण गाभा पांढरा होता. ती सुकत असताना तिने वडिलांची जुनी हत्यारांची पिशवी माळ्यावरून काढली. कशासाठी, ते तिलाही नक्की माहीत नव्हतं. पान्यांखाली एक पत्र्याची पाटी निघाली: ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ यंत्राच्या बटणावर ही पाटी लटकत असली की कितीही मोठा साहेब आला तरी बटणाला हात लावत नसे. पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची.

फांदी कुंडीत लावल्यावर तिने ती पाटी काठीला अडकवली. वडील भांडं भरून आले, पाटी वाचली, थांबले.

“पाटी कुणी लावली?”

“मी.”

“मग तू काढल्याशिवाय हात लावायचा नाही कुणी.” एवढं बोलून त्यांनी भांड्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पण पाणी घातलं नाही. माणसांची नावं पुसली गेली होती, ही शिस्त तेवढी हाडात राहिली होती. तिने नळाची तोटी परत बसवली.

उन्हाळा संपता संपता फांदीच्या टोकाला हिरवी चोच आली, तिची पानं झाली. त्याच सुमारास भाऊ आला. बाल्कनीत उभा राहून म्हणाला, “कमाल केलीस. हे तुलाच जमतं, बाई. दुसऱ्या कुणाचं काम नाही.”

पूर्वी ती यावर चहा टाकायला उठली असती. या वेळी बसून राहिली.

“दादा, मला जमतं म्हणून नाही, दुसरं कुणी नाही म्हणून मी करते. महिन्यातला एक शनिवार-रविवार तू इथे राहायचंस. मी नसेन.”

“अगं, पण माझं काम, तुझ्या वहिनीचं...”

“माझंही होतं काम.”

भाऊ कठड्याबाहेर बघायला लागला. “मला भीती वाटते गं,” तो म्हणाला. “ते मला ओळखत नाहीत.”

“मलाही नाही ओळखत. तरी पाणी आणून देतात.”

तो आला. पुढच्या महिन्यात आला, कुरकुरत, उशिरा, पण आला. दातवाली घराबाहेर पडली आणि कोपऱ्यावर उभी राहिली, कारण कुठे जायचं हे तिने ठरवलंच नव्हतं. लॅबमध्ये जावंसं वाटलं नाही. समोर बस आली, ती चढली, शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथे काही नव्हतं. एक मोकळं मैदान आणि चहाची टपरी. तिने चहा घेतला, बाकावर बसली. कुणी हाक मारली नाही. थोड्या वेळानं तिला घराची इतकी काळजी वाटायला लागली की ती उठली. मग पुन्हा बसली आणि अजून एक चहा मागितला.

संध्याकाळी परतली तेव्हा भाऊ सोफ्यावर आडवा पडला होता, वडील त्याच्या पायांवर चादर घालत होते.

“दिवसभर विचारतायत, मी कोण,” भाऊ म्हणाला. “दर वेळी सांगतोय, तुमचा मुलगा. दर वेळी आश्चर्य वाटतं त्यांना.”

“आनंद होतो का?”

भाऊ जरा विचार करून म्हणाला, “हो. होतो की.”

“मग उद्याही सांग,” ती म्हणाली, आणि दिवा न पेटवता आत जाऊन झोपली.