डिकीतला दादा

वहिनीचा फोन सकाळी सातला आला. "वन्सं, तुमचा दादा गेला बघा..." एवढंच. चहाचा कप घेऊन खुर्चीत बसला, तो बसलेलाच राहिला. मला रडू आलं नाही. खरं सांगते, मला भीती वाटली. पासष्ट वर्षांच्या बाईनं असलं काही छापायला द्यावं का, माहीत नाही. पण दादा जाऊन आता सहा आठवडे होतील आणि ती भीती जागची हलायला तयार नाही. आजवर कशालाही घाबरले की मी दादाला फोन लावायची. आता फोन लावायचा कुणाला?

दादा गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री. कसबा बावड्यात घरापुढंच त्याचा गाळा. आवाज असा, की तो शेजारी गप्पा मारत असला तरी परक्याला वाटावं भांडण पेटलंय. मला पन्नाशीत गाडी चालवायला शिकवली ती त्यानंच. कोडोलीच्या रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला आणि मी मधेच ब्रेक दाबून डोळे मिटले, तेव्हा म्हणाला, "डोळं उघड, शाले! तू मिटलंस म्हणून त्यो ट्रॅक्टर गायब हुणार हाय व्हय?" मी जन्मजात भित्री आणि हा कशालाच न भिणारा, अशी आमची वाटणी लहानपणीच होऊन गेली होती. बायपास झाल्यावरसुद्धा दवाखान्यातून घरी आला तो पहिल्यांदा गाळ्यात शिरला.

माझी गाडी जुनी. तिची डिकी ड्रायव्हरच्या सीटजवळच्या बटणानं उघडते. चार वर्षांपूर्वी नवरात्रात ती आपोआप उघडायला लागली. हातकणंगल्याहून येताना मी आरशात बघितलं तर मागचा रस्ताच दिसेना, नुसतं डिकीचं झाकण उभं! घामानं भिजले. तिथूनच फोन केला, "दादा, डिकीत कुणीतरी आहे रे..." तो हसत सुटला. "कोण बसतंय तुज्या डिकीत? वायर गेलीया कुठंतरी. उद्या घिऊन ये."

उद्या म्हणजे खंडेनवमी. पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर सगळं धुऊनपुसून वहिनीनं देवापुढं मांडलेलं, हळदकुंकू लावून, वर झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्यार उचलायचं नाही, हा घरातला आजोबांपासूनचा नेम. वहिनीनं दारातूनच बजावलं, "आज कामाला हात लावायचा न्हाय हं!" दादा म्हणाला, "हत्याराला शिवतंय कोण? नुसतं बघतू की." आणि मोबाइलची बॅटरी लावून हा अडुसष्ट वर्षांचा माणूस अंग दुमडून डिकीत शिरला. "लाव झाकण. आतनं बघितल्याबिगर लॉक कुठं अडकतंय ते कळायचं न्हाय." मी नको म्हटलं. तो ओरडला. मी लावलं.

एरवी दादा डिकीत शिरायचा तो हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. आतून लॉकच्या खाचेत तो घालून फिरवला की झाकण उघडतं. त्या दिवशी मात्र स्क्रू ड्रायव्हर देवापुढं होता, आणि ही गोष्ट आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नाही.

"हां, दिसलं! दाब आता बटण." मी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आठवडाभर मनाला येईल तेव्हा उघडणारी डिकी नेमकी तेव्हा मुकी झाली. किल्ली लावायला गेले तर मागचं भोक गंजून बसलेलं. ऑक्टोबरचं ऊन, पत्रा हाताला चटके देतोय, आणि आत बायपास झालेला माझा भाऊ... मी झाकणावर थापा मारत नुसती "दादा, दादा" करत राहिले.

"बोंबलू नको," आतून आवाज आला. "मागचं सीट काढ. बसायचं वर ओढून काढ, टेकायच्या सीटला खाली दोन बोल्ट हाईत. पाना आण. आन् माझा स्क्रू ड्रायव्हर."

मी घरात धावले आणि देवापुढं जाऊन थिजले. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी! पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावलेली. आणि तिथं माझा हात पुढं होईना. वाटलं, आज नेम मोडला आणि त्याचंच काही बरंवाईट झालं तर? तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आली. मी कसंबसं सांगितलं. जन्मभर उपासतापास करणाऱ्या त्या बाईनं फुलं बाजूला सारली, पाना आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि माझ्या हातात कोंबला. "बघताय काय वन्सं? माझं कुक्कू कुठं अडकलंय ते देवीला दिसत न्हाय व्हय? पळा!"

मी बोल्टला भिडले. कुंकवानं पाना हातातून सटकत होता. "दादा, एक निघाला रे!" म्हटलं. उत्तर नाही. "दादा?" काही नाही. वहिनी दारातून हाका मारत होती. आत सगळं शांत. त्या शांततेत मी किती वेळ बोल्ट फिरवला, कुणास ठाऊक. मेलेल्या माणसासाठीच आपण हे करतोय असं मनात येत होतं, आणि हात फिरत होता. सीट सुटलं. मागच्या पत्र्याच्या फटीतून मी स्क्रू ड्रायव्हर आत सारला... आणि तो कुणीतरी हातातून ओढून घेतला. खट् झालं.

दादा बाहेर आला तो घामानं निथळत, ओठ काळेनिळे. पहिलं वाक्य काय, तर "बिजागरीजवळ वायरी तुटल्यात." मी त्याला मारायचीच राहिले होते. "हाका मारत होतो ना आम्ही! ओ द्यायला काय झालं होतं?" म्हणाला, "झोप लागली हुती." दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर त्यानं वायरींवरची रबरी नळी सोलून त्या तुटलेल्या वायरी सोल्डरचा डाग देऊन जोडल्या, लॉकला आणि किल्लीच्या भोकाला ग्रीस लावलं. डिकी पुन्हा कधी बिघडली नाही. त्या 'झोपे'चा राग मात्र मी धरून बसले, अगदी परवापरवापर्यंत.

गेल्या आठवड्यात दादाचे कपडे आश्रमात द्यायला म्हणून डिकी भरत होते. एक पिशवी आत सारताना हाताला काहीतरी लागलं. लॉकला बांधलेली नायलॉनची दोरी, तिच्या टोकाला मोठी गाठ. आतल्या माणसाला अंधारात सापडावी अशी. दादानं कधी बांधली, बोललाही नाही. वहिनीला दाखवली. मग मला काय झालं कोण जाणे, मी पिशव्या बाहेर काढल्या, किल्ली वहिनीच्या हातात दिली आणि आत शिरले. "याड लागलंय काय वन्सं?" "लाव गं," मी म्हटलं.

अंधार. पेट्रोलचा वास. श्वास आपल्याच तोंडावर परत येतो. बाहेरून वहिनी, "वन्सं! अवो वन्सं, बोला की!" मला ओ द्यायची होती. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. इतकी भीती... आणि ही दादालाही वाटली होती, याच जागी, माझ्या हाका ऐकत. मी चाचपडत गाठ शोधली आणि ओढली.