एक ओमेर कणीक

रीमाने मोझेल मावशींना पहिल्यांदा पाहिलं ते पिस्कॅटवेच्या इंडियन ग्रोसरीत, २००५ च्या उन्हाळ्यात. गळ्यात मंगळसूत्र, त्याच्या शेजारी सहा टोकांची सोन्याची चांदणी, उजव्या मनगटाला पट्टा. पाच पौंडांची पिशवी का ठेवत नाहीस, वीस पौंड कणीक मी काय डोक्यावर घेऊन नाचू, असं त्या दुकानदाराला ठणकावत होत्या. तेही अस्सल रेवदंड्याच्या हेलात. नागपूरची रीमा मराठी कानावर पडताच थबकली. पिशवी उचलून तिने मावशींच्या गाडीत ठेवली आणि परदेशात तिला हक्काची मावशी मिळाली.

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. नर्सची नोकरी संपवून एकट्या राहत होत्या. त्या दिवशी त्यांना घाई होती, कारण येत्या रविवारी त्यांची नात रूथ जेवायला येणार होती आणि सोमवारी स्टेट कॉलेजला शिकायला जाणार होती. जायच्या आधी तिला एक गोष्ट दाखवायचीच, असं मावशींनी ठरवलं होतं.

ओमेर हे धान्याचं जुनं हिब्रू माप, साधारण दीड किलो पिठाचं. ज्यूंच्या पूर्वजांना वाळवंटात आभाळातून अन्न मिळालं ते माणशी रोज एक ओमेर. तेवढ्या पिठाची कणीक मळली की भाजण्याआधी त्यातला लहानसा गोळा प्रार्थना म्हणत वेगळा काढायचा आणि जाळून टाकायचा. तो आपला नव्हे. पीठ कमी असेल तर प्रार्थना नाही. एकटीच्या दोन पोळ्यांना एवढं पीठ कोण भिजवणार? त्यात हिवाळ्यात बर्फावर घसरून मनगट मोडलेलं. मावशींच्या तोंडी ती प्रार्थना कित्येक महिन्यांत आली नव्हती.

रविवारी सकाळीच रीमा मदतीला गेली. मळायला मात्र मावशी तिला हात लावू देईनात. हाताला झेपेल तेवढं थोडं थोडं मळून त्या गोळे बाजूला ठेवत होत्या; शेवटी सगळे एकत्र तिंबायचे, म्हणजे माप भरेल. हे रीमाला कुठे माहीत? मावशी अंघोळीला गेल्या तशी तिने घरच्या सवयीने प्रत्येक गोळ्याला तेलाचा हात फिरवला, एकेक डब्यात घातला आणि सगळे डबे फ्रिजमध्ये रचले.

मावशी परतल्या तोवर गोळे थिजून घट्ट झाले होते. त्यांनी दोन गोळे एकमेकांवर दाबून पाहिले. ते तेलाने निसटले आणि मनगटातून कळ आली.

“अगो, काय केलंस हे!” मावशी मटकन खुर्चीत बसल्या. रीमाचा चेहरा पडला. तासाभरात रूथ येणार होती.

मग मावशींनीच फोन उचलला आणि इस्राएलमध्ये, अश्दोदला, आपल्या वहिनींना लावला. वहिनी पलीकडून इतक्या मोठ्याने हसल्या की रीमालाही ऐकू आलं.

“मोझेल, एका परातीत ठेव की सगळे, एकमेकांना चिकटून. वरून एक फडकं टाक. एका भांड्यात आले म्हणजे ते एकच पीठ. एवढं ठाऊक नाही तुला?”

“आई एकच गोळा करायची.”

“आईचं मनगट धड होतं!”

मावशी ताडकन उठल्या. रीमाने धावत परात आणली. गोळे खेटून रचले, वर फडकं घातलं, तोवर दारात रूथ. मावशींनी तिला बूटही नीट काढू दिले नाहीत, ओढतच ओट्यापाशी नेलं. डोक्यावर पदर घेतला आणि एकही शब्द न चुकता प्रार्थना म्हटली. लिंबाएवढा तुकडा तोडून जाळण्यासाठी फॉइलमध्ये गुंडाळला.

“आजी, धिस इज सो कूल,” रूथ म्हणाली. “सगळं परत सांग ना, स्लोली.”

पोळ्या लाटायला उशीर झाला. जेवायला तीन वाजले. मावशी बोलत होत्या, रूथ विचारत होती आणि रीमा तव्यापाशी उभी राहून हसत होती.

मावशी अजून पिस्कॅटवेलाच आहेत. रूथ सुट्टीत आली की कणीक ती मळते, प्रार्थना मावशी म्हणतात.