चिमणीच्या घराण्याचे डोळे

पिंपळगावच्या रेणुकाईला मी एकदा चांदीचे डोळे बोलले होते. नवसाचं ऐकलं की बायका विचारतात, कोणासाठी? मी सांगते, चिमणीसाठी. मग चिमणी कोण, असं विचारलं की एका किश्शावर भागत नाही. कुत्री पाळणाऱ्या घरात किस्से केसांसारखे साठतात. रोज झाडा, तरी गोधडी झटकली की दोन-चार निघतातच.

आमचं गाव वाटूरपासून जवळ. जालना जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन इथं आले. दाराला तोरण होतं आणि तोरणाखाली चार कारवानी कुत्री उभी. लांब तोंड, खपाटीला गेलेलं पोट, काड्यांसारखे पाय. मला वाटलं, या घरात पोटभर जेवायला घालत नाहीत की काय. नंतर कळलं, ही शिकारी जात. सशामागं पळायला देवानं तशीच घडवलेली.

चिमणी त्यातल्या एकीची लेक. माझ्याच हातची वाढलेली.

*

दिवसा चिमणीला वावराच्या या टोकावरून त्या टोकाचा ससा दिसायचा. अडीच वर्षांची झाली आणि दिवस मावळला की चाचपडायला लागली. एका सांजेला तर पळत जाऊन गुरांच्या हौदावरच आदळली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "दृष्ट लागली." मी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. फरक पडेना, तेव्हा रेणुकाईला डोळे बोलले. आधी फेडावं आणि मग मागावं असा माझा स्वभाव, म्हणून लगेच करायला टाकले.

सराफानं विचारलं, "लहान लेकराचे करू का मोठ्या माणसाचे?"

म्हटलं, "अडीच वर्षाचे."

देवळात पूजा सांभाळणाऱ्या आजीबाईंनी ते डोळे हातात घेतले. "लेकीला त्रास आहे का माय?"

"हो," मी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

"नाव?"

"चिमणी."

त्यांनी चिमणीचं नाव घेऊन देवीला गाऱ्हाणं घातलं, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "नवस बराबर केला माय. पण पोरीला चष्मा लाव. पोरीची जात म्हणून लाजू नको."

*

मी घरात आल्यावर शिकारीचे दिवस कमी होत गेले. एकादशीला नाही, सोमवारी नाही, चतुर्थीला नाही, श्रावण तर आख्खा बंद. आमच्या ह्यांनी एकदाही मोडलं नाही. ह्यांचे दोस्त रशीदभाई, शहागडला हायवेवर त्यांचं टायर-पंक्चरचं दुकान. ते म्हणायचे, "भाबी, शिकारीला सरकारची बंदी हाये, पण ती कागदावर. अस्सल बंदी तुमचीच."

पुढं सरकारचीही बंदी कडक झाली. ह्यांनी ससे सोडले. कुत्री ज्वारीतली रानडुकरं हुसकायला लागली. आणि माझ्या उपासाच्या दिवशी डुकरं आली तर काय करायचं, हे मामंजींनी मला विचारलं, तेव्हा मी दोन दिवस विचार करून सांगितलं, "हुसकायचं. चावायचं न्हाई."

"हे कुत्र्याला तू सांग," मामंजी म्हणाले.

*

इकडं कुत्र्यांची जोडी लावायला सोयरीक म्हणतात, आणि ती नुसती म्हणायची सोयरीक नसते. कुत्रीवाला नारळ घेऊन कुत्र्यावाल्याच्या दारी जातो. छाती बघतात, पाय बघतात, शेपटी मोजतात. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या लेकीला स्थळ बघताना एवढी पायपीट केली न्हाई ह्यांनी."

मामंजींनी एक कुत्री वाटूरच्या देवरावांना कायमची दिली होती. तेव्हापासून ते देवरावांच्या घरी पाणीसुद्धा घेत नसत. लेक दिल्या घरी बापानं खायचं-प्यायचं नसतं, हा त्यांचा जुना नेम.

एकदा भर उन्हात चालत गेले. घसा कोरडा, पाय भाजलेले. देवरावांनी तांब्या पुढं केला. मामंजींनी हात जोडले.

देवराव म्हणाले, "मामा, लेक माझ्या बाजंखाली झोपून राह्यली. उठवतो. तिच्या हातचं तरी घ्या."

*

चिमणीचं दिवसाचंही दिसणं कमी झालं, तेव्हा ह्यांनी जालन्याहून जनावरांचे डॉक्टर आणले. डॉक्टरांनी बॅटरी मारून तिचे डोळे पाहिले. मग विचारलं, "हिची आई कोण, बाप कोण?"

मामंजी खुशीत आले. "एकाच आजाची नातवंडं दोघं. तीस वर्षं झाली, बाहेरचं रक्त घरात येऊ दिलं न्हाई."

"तेच झालं," डॉक्टर म्हणाले. "ही खोट रक्तातली आहे. आईकडं लपून राहते, बापाकडं लपून राहते. त्यांना दिसतं चांगलं. पण दोघांचीही खोट एकाच पिल्लाच्या वाट्याला आली की ते पिल्लू असं होतं. दृष्टबिष्ट काही नाही."

चिमणीला उपाय नव्हता. पण चिमणीला एक लेक झालेली होती, रंभा. तिचे डोळे चांगले होते, आणि पळण्यात तर ती आईच्याही पुढं. डॉक्टर म्हणाले, खोट हिच्यातही लपलेली असणार. हिला लांबचं, बिलकुल नात्यात नसलेलं स्थळ बघा. नाहीतर हे घराणं तुमच्या डोळ्यांदेखत आंधळं होईल.

ह्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मामंजी मात्र पुढचे आठ दिवस येईल त्याला सांगत होते, "डॉक्टर म्हणतो, खोट दोन्हीकडून येती. कुत्र्याचं ठीक हाये. पण हे शास्त्र बायकांच्या कानावर जाऊ देऊ नका. घरोघर भांडणं लागतील."

*

लांबचं स्थळ रशीदभाईंनी आणलं. त्यांचा स्वतःचा बादशहा. उंच, पिवळट, राजाच्या रुबाबात चालणारा. टेम्पोतून शहागडहून आणला. मामंजींनी छाती बघितली, पाय बघितले, खूश झाले. ह्यांनी नारळ फोडायला घेतला. मी चहा केला.

इथं माझी एक सवय सांगायला हवी. आमच्या घरातून पिल्लू गेलं की मी त्याला रिकाम्या हातानं पाठवत नसे. मादी असली तर ओटीचा खण, नर असला तर टोपी-टॉवेल. ह्यांना लाज वाटायची, पण मी देतच होते.

चहा पिता पिता ह्यांनी सहज विचारलं, "बादशहा मिळाला कुठं तुला?"

"एक ट्रक ड्रायवर देऊन गेल्ता," रशीदभाई म्हणाले. "त्याला वाटूरच्या बाजूच्या कोन्या पाव्हण्यानं दिल्ता. नाव कायतरी दुसरंच होतं, मी बादशहा ठेवलं. अन् मजा ऐका भाबी, ड्रायवर सांगत होता, पिल्लासंगं टोपी-टॉवेल आल्ता म्हणे. कोणतं येडं घर असंल?"

ह्यांचा नारळ हातातच राहिला.

मी म्हणाले, "भाईजान, ते येडं घर हेच. माझ्या सोळा सोमवारांच्या उद्यापनाच्या दिवशी दिलं होतं ते. तेव्हा त्याचं नाव मोती होतं. चिमणीच्या पाठचा आहे तो, एकाच वेताचा."

म्हणजे रंभाचा सख्खा मामा. आमच्याकडं घरात आलेल्या सुनेचं नाव बदलतात तसं आलेल्या पिल्लाचंही बदलतात, आणि दोन घरं फिरली की कोण कोणाचं हे देवालाही सांगता येऊ नये.

मामंजी सावकाश म्हणाले, "मामा-भाची काही ठिकाणी चालतं."

"आबा," हे म्हणाले, "न्हाई चालत." वडिलांना ह्यांनी न्हाई म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

रशीदभाई उठले, बादशहाची साखळी धरली आणि म्हणाले, "चल बेटा, मांडवातनं वापस. भाबी, वरात वापस चालली तरी वऱ्हाडाला जेवू घालतात ना?"

पुरणपोळी नव्हती, पण पिठलं-भाकरी दोघांनी पोटभर खाल्ली. रशीदभाईंनी आणि बादशहानं.

*

रशीदभाईंनी हार मानली नाही. पुढच्या खेपेला सोलापूरच्याही पलीकडून एका ओळखीच्या माणसाचा कुत्रा आणला. ह्यांनी विचारायला सुरुवात केली. आईचं नाव काय, आजीचं काय, दिवस मावळल्यावर ठेचाळत होती का, भावंडं कुठं दिली, त्यांची नावं बदलली का.

तासाभरानं रशीदभाईंनी मला बोलावलं. "भाबी, ह्याला सांगा. कुत्रा बघून राह्यला का पोलीस पाटील नेमून राह्यला?"

पण मी पाहिलं, ते स्वतःच एका कागदावर सगळी नावं लिहून घेत होते. उर्दूत.

*

शेवटी तीच सोयरीक ठरली आणि रंभाला सहा पिल्लं झाली. गावोगावचे लोक नारळ घेऊन आले. ह्यांनी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे डोळे उशिरा जातात, तीन वर्षं वाट बघा. आमचे हे देवाला लांबून हात जोडणारे. पण त्या दिवशी देवघरापुढं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तीन वर्षं एकही पिल्लू देणार न्हाई. एक जरी आंधळं निघालं तर हे घराणं इथंच थांबवीन." जे मला चाळीस व्रतांनी साधलं नव्हतं, ते एका कुत्रीनं केलं. ह्यांना नेम घ्यायला लावला.

सहा कुत्र्यांच्या भाकऱ्या थापता थापता माझे हात भरून यायचे. पण व्रत म्हटलं की मला उत्साह येतो. डोळे तपासायची रीतही मीच काढली. तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावायचा, मग जेवायचा एक पाट घेऊन अंगणात नव्या जागी आडवा ठेवायचा. कधी तुळशीपाशी, कधी ओट्याच्या पायरीखाली, कधी वाटेच्या मधोमध. अंगणात उजेड करायचा नाही. मग एकेका पिल्लाला हाक मारायची. पाट चुकवून आलं, की डोळे शाबूत. मी देवाला हात जोडायचे आणि पाट उचलून ठेवायचे.

सहापैकी थोरलीचं नाव सगुणा. ती हाक मारल्यावर येत नसे. मामंजी त्या वेळी पारावरून घरी यायचे, तिला त्यांच्या सोबत यायचं असायचं. रोज त्यांना आणायला जायची आणि त्यांच्याबरोबरच पाट चुकवून यायची. मी तिला पास करून टाकायचे.

पहिलं वर्ष गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वर्षी हे रोज सांजेला ओट्यावर येऊन बसायला लागले. पिल्लू पाटाजवळ आलं की श्वास धरायचे.

शेवटच्या दिवशी रशीदभाईही आले. मी दिवा लावला. पाट वाटेच्या मधोमध ठेवला. पाच कुत्र्यांना हाका मारल्या, पाचही पाटाला वळसा घालून आली. सगुणा त्या दिवशीच माजावर आलेली होती, म्हणून ती गोठ्यात बांधलेली. हे म्हणाले, "तिला बी सोडतो, बघून घेऊ." आणि उठलेच होते, तेवढ्यात फाटक वाजलं. मामंजी एकटे आत आले, चार पावलं टाकली आणि पाटावर अडखळून धपकन खाली बसले.

आम्ही तिघं धावलो. लागलं नव्हतं. त्यांनी हातानं चाचपून पाहिलं.

"पाट कोन ठेवला हितं?"

"मी, मामंजी," मी म्हणाले. "रोज ठेवते. तीन वर्षं झाली."

"रोज?" मामंजींनी पाट बाजूला सारला. मग म्हणाले, "पन रोज मी सगुणाच्या पाठीवर हात ठेवून येतो."

गोठ्यात सगुणा साखळी ओढत होती. रशीदभाईंनी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी मामंजींचा हात आपल्या हातात घेतला.

तुमच्या घरी कुत्रं असो वा नसो, माझं एक ऐका. आज तिन्हीसांजेला दिवा लावला की एक पाट जागचा हलवून ठेवा.