मोंतेसेर्पाचा मनोरा कोणी पाडला

१९९१च्या सप्टेंबरात माझी नात मीरा इटलीची सहल करून लीड्सला परतली. तिने माझ्यासमोर मोंतेसेर्पा गावाचं माहितीपत्रक ठेवलं. आठशे वर्षांपूर्वीचा तट, लांडगा कोरलेली वेस, दगडी विहीर, उतारावरचे द्राक्षमळे आणि घंटेच्या मनोऱ्याचा उरलेला बुंधा. खाली एक ओळ होती: माघार घेताना जर्मनांनी मनोरा पाडला.

“आजोबा, तुम्ही लढलात तो हाच गाव ना? टॉवर जर्मन लोकांनी तोडली?”

सत्तेचाळीस वर्षं मीही तेच सांगत आलो. ते खोटं आहे.

१९४४च्या उन्हाळ्यात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतली आमची कंपनी त्या गावासमोरच्या टेकडीवर होती. मी सिग्नल हवालदार. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज, दर तासाला वायरलेसवर रिपोर्ट, दिवसा खंदकाबाहेर डोकं काढायचं नाही. माझ्या हाताखाली नाईक महादेव जोगी होता. आम्ही दोघे वऱ्हाडातल्या एकाच गावचे. त्याचे वडील गावचे गारपगारी. आभाळ भरून आलं की ते मारुतीपुढे बसत आणि गारा शिवेबाहेर घालवत. त्याबद्दल त्यांना खळ्यावर धान्य मिळे. शेलिंग सुरू झालं की पोरं महादेवला चिडवत, “ए गारपगारी, या जर्मन गारा थांबव की!”

“आधी धान्य टाका,” तो म्हणायचा.

त्या दिवशी आमचं पाणी संपलं. गावात जायला कॅप्टनसाहेबांची मनाई होती. तरी दुपारी एकला मी महादेवला दोन कॅन देऊन विहिरीवर पाठवलं.

“दोनच्या आत ये.”

“येतो, दादा.”

दोन वाजले. तो आला नाही. दोन चाळीसला आभाळ काळवंडलं आणि मनोऱ्यातली घंटा वाजू लागली. थांबेचना. आठवडाभर ती एकदाही वाजली नव्हती. हा जर्मनांचा इशारा, असं मला वाटलं. मी तसा रिपोर्ट दिला.

“गावात आपलं कोणी आहे? ओव्हर,” कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर हुकूम मोडल्याचं उघड झालं असतं. माझ्या हवालदारीच्या फिती गेल्या असत्या.

“कोणी नाही, साहेब. ओव्हर.”

दोन बावन्नला आमच्या तोफा सुरू झाल्या. चौथ्या गोळ्याला घंटा थांबली.

तीन दहाला आमच्या टेकडीवर गारा पडल्या. सुपारीएवढ्या.

पाचला आम्ही गावात शिरलो. जर्मन एकही नव्हता. भरलेले कॅन विहिरीच्या कठड्यावर होते. मनोऱ्याच्या बुंध्याशी घंटा वाजवणारा एक म्हातारा आणि महादेव, दोघे पडलेले. महादेवच्या मुठीत घंटेचा दोर होता. तळघरातून वर आलेल्या एका बाईने आभाळाकडे बोट दाखवलं, मग दोर ओढल्याची खूण केली. त्या गावात गारा अशा घालवत. एकट्या म्हाताऱ्याला ती घंटा झेपली नसावी.

कंपनीच्या नोंदीत मी ‘शत्रूचा गोळा’ असं सांगितलं. महादेवच्या वडिलांनाही तेच कळवलं. पुढे सुट्टीवर गेलो तेव्हा त्यांनी मारुतीपुढे बसणं सोडलं होतं. मी त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलून परतलो.

हे मीराला सांगितलं. तिने पत्रक उलटून मागचा पत्ता शोधला.

“आजोबा, आपण त्यांना लेटर लिहू. तुम्ही बोला, मी टाइप करते.”

“मी खोटं बोललो ते तुझ्या बाबांना कळेल.”

“कळू दे.”

पत्रात मी एवढंच सांगितलं. मनोरा आमच्या तोफांनी पाडला, माझ्या रिपोर्टवरून. गावात आपलं कोणी नाही, असं मी खोटं बोललो. आत तुमचा एक माणूस होता. त्याचं नाव मला ठाऊक नाही, ते कृपया कळवावं. दुसरा नाईक महादेव जोगी, गारपगारी. त्या दिवशी गारा आमच्या टेकडीवर पडल्या, तुमच्या गावावर नाही. पत्रकात ज्या द्राक्षमळ्यांचे फोटो आहेत, ते त्या वर्षी वाचले. त्या फोटोंखाली ही दोन नावं लिहावीत.