पुस्तक मिटा आणि सांगा

गुरुवारी संध्याकाळी कामावरून घरी आला की माझा नवरा समीर "वर्ग कसा झाला?" असं विचारत नाही. "आज काय झालं?" असं विचारतो! कारण काहीतरी झालेलंच असतं. पुण्यात अकरा वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तिथले किस्से मोजून दोन-तीन आठवतात. इथे एका वर्षात इतके साठले की मित्रमंडळी जेवायला आली की भाजीच्या आधी किस्साच मागतात.

आधी वर्ग कसला ते सांगते. आम्ही राहतो नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेप गावात. समीरची नोकरी इथे आली, मी माझी सोडून आले, आणि चार वर्षं घरात बसून नवऱ्याचे शर्ट रंगाप्रमाणे लावत होते. एकदा भारतीय दुकानात कढीपत्ता शोधताना शेजारून आवाज आला, "ताई, तो खालच्या खणात ठेवतात." त्या सुशीलाताई. नगरच्या, मराठी ख्रिस्ती, राहायला कापेल गावात. त्यांची मुलगी रूथ शाळेत जात नाही, घरीच शिकते. इथे अशी परवानगी सहज मिळत नाही. 'आमच्या श्रद्धेला धरून शिकवणारी शाळा जवळपास नाही' असं नगरपालिकेला पटवावं लागतं. अशी सहा कुटुंबं तिथे एकत्र आलेली, बारा ते सोळा वयाची नऊ मुलं. गणित, विज्ञान आईबाप आपसांत वाटून घ्यायचे. इंग्रजी साहित्याला मात्र कुणीच नव्हतं. मी पुण्यात शिकवायचे हे बोलण्यात निघालं.

"तुम्ही याल का शिकवायला?" सुशीलाताईंनी कढीपत्त्याच्या साक्षीनं विचारलं.

"अहो, पण मी घरी गणपती बसवते!"

"बसवा की. दर गुरुवारी थोडीच बसवता?"

सगळ्यांना ते इतकं सोपं वाटलं नाही. विशेषतः पीटरना. पीटर म्हणजे लिडियाचे वडील. उंच, ताठ, जलमंडळात बंधाऱ्यांचं काम बघणारे, आणि हसण्याच्या बाबतीत फार काटकसरी. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जिचा आमच्या देवावर विश्वास नाही, तिच्या हातात मुलांच्या गोष्टी द्यायच्या का? शेवटी ठरलं की एक वर्ष बघायचं. मे महिन्यात सहाही घरांनी 'हो' म्हटलं तर वर्ग पुढे चालू. एकानं जरी 'नाही' म्हटलं तर बंद. तोवर पीटर दर गुरुवारी मागच्या खुर्चीवर बसणार.

आणि ते बसले. पावसात सायकल मारत आले, पण बसले!

* * *

पहिला गुरुवार. चर्चच्या मागचा छोटा हॉल. मुलं उभी राहिली, हात जोडले, डोळे मिटले. मला वाटलं, आता कुणीतरी प्रार्थना म्हणेल. मीही डोळे मिटले.

कुणीच काही म्हणेना. मी एक डोळा किलकिला करून बघितलं. सगळे तसेच. मी पुन्हा मिटला. मनात म्हटलं, काय श्रद्धा आहे बाई! मग गॅस बंद केला होता का ते आठवायला लागले. मग शिजलेल्या डाळीचं काय करायचं ते ठरवलं. तरी शांतता! शेवटी सोळा वर्षांच्या टाइसचं पोट एवढ्या जोरात गुरगुरलं की सगळी पोरं हसली आणि "आमेन" झालं.

सुशीलाताई धावत आल्या. "अहो, प्रार्थना शिक्षकानं सुरू करायची असते! सगळे तुमची वाट बघत होते!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात हॉलची व्यवस्था बघणाऱ्या मारायकबाई आल्या. डोळे ओले. "इतकी खोल, शांत प्रार्थना आमच्याकडे कधी झाली नव्हती. दर गुरुवारी अशीच करू या का?"

मागच्या खुर्चीवरून पीटर एवढंच म्हणाले, "लांब होती."

* * *

या मुलांची एक पद्धत आहे. उतारा एकदाच वाचायचा. एकदाच! मग पुस्तक मिटायचं आणि कुणीतरी उभं राहून तो सगळा आपल्या शब्दांत सांगायचा. खुणा करायच्या नाहीत, पुस्तकं घरी न्यायची नाहीत, ती हॉलच्या कपाटातच राहतात.

मला याचा पत्ता नव्हता. मी माझ्या कॉलेजच्या सवयीनं रात्रभर बसून नोट्स काढलेल्या. 'कथेचा आशय', 'नायकाच्या स्वभावाचे पाच पैलू'. नऊ प्रती, स्टेपल केलेल्या!

टाइसनं गोष्ट वाचली, पुस्तक मिटलं आणि सांगायला लागला. खिडकीच्या पडद्याच्या रंगापासून म्हातारीच्या खोकल्यापर्यंत काही सुटलं नाही. मी ऐकतच राहिले. माझे एम.ए.चे विद्यार्थी असं सांगू शकले असते का? मनातच उत्तर दिलं आणि गप्प बसले. मग मी नोट्स वाटल्या. तेरा वर्षांच्या लिडियानं त्या नीट वाचल्या आणि अगदी नम्रपणे विचारलं, "आम्हाला काय वाटलं ते तुम्हाला आधीच कसं कळलं? आम्ही तर अजून बोललोच नाही."

नोट्स मी परत गोळा केल्या. त्यांच्या मागच्या बाजूला आमची वाणसामानाची यादी वर्षभर चालली.

पुण्यातल्या माझ्या जुन्या सहकारी जोशीबाईंना फोनवर हे सांगितलं. त्यांना काळजी वाटली.

"गाइड नाही? मग पास कशी होतात पोरं?"

"अहो, परीक्षाच नाही."

जोशीबाईंनी पुन्हा विचारून खात्री केली. मग म्हणाल्या, "मग वाचतात कशाला?"

* * *

रूथ मला घरातल्यासारखं 'मावशी' म्हणते. बाकीच्यांना वाटलं, ही पदवी असावी, प्रोफेसरच्या वरची वगैरे. आता सहा फुटी डच पोरगे माझ्यासमोर उभे राहून अत्यंत आदरानं "मावशी, एक शंका आहे" म्हणतात. मी कुणाला दुरुस्त केलेलं नाही. करणारही नाही!

* * *

पीटर प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचायचे. जहाजावरच्या बंडाची एक कादंबरी घेतली होती, आणि खलाशी म्हटल्यावर तोंडात शिव्या असायच्याच. पीटरनी काय करावं? पिवळे कागद कापून, बारीक चिठ्ठ्या करून, एकेका शिवीवर चिकटवल्या. सगळ्या प्रतींत! माणूस कामाला पक्का.

लिडिया मोठ्यानं वाचत होती. चिठ्ठीशी आली, क्षणभर थांबली. वगळणं म्हणजे खोटं वाचणं, आणि ते तिच्या वडिलांनीच तिला शिकवलेलं. म्हणून तिनं समोर जे होतं ते वाचलं. "'पिवळी चिठ्ठी!' कप्तान गरजला. 'त्या पिवळ्या चिठ्ठीला माझ्यासमोर आणा!'"

मी ओठ चावून खिडकीबाहेर बघत राहिले. पुढच्या गुरुवारपर्यंत तो वर्गाचा शब्द झाला. टाइसचा गुडघा टेबलावर आपटला तर "पिवळी चिठ्ठी!" रूथची बस चुकली तर "पिवळी चिठ्ठी!" धाकट्या दोघांचं भांडण झालं, तर एक दुसऱ्याला काय म्हणाला असेल ते तुम्हीच ओळखा.

महिनाभरानं पीटर वर्ग संपल्यावर माझ्याकडे आले. कान लाल.

"पुढच्या पुस्तकात मी काही चिकटवणार नाही. मूळ शब्द बरा होता."

त्यानंतर त्यांनी आधी वाचणंही सोडलं. मागच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐकायचे. म्हणजे, त्यांच्या शब्दांत, 'लक्ष ठेवायचे'.

* * *

टाइस शनिवारी सुपरमार्केटमध्ये काम करतो. पहिल्याच दिवशी मॅनेजरनं त्याला दुधाचे खोके चुकीचे लावले म्हणून झाडलं. झाडून झाल्यावर मॅनेजर थांबला. आता समोरचा माणूस थांबला की टाइसला काय करायचं असतं? सांगायचं असतं! पठ्ठ्यानं हात मागे बांधले आणि सगळी बोलणी पहिल्या शब्दापासून परत सांगितली, क्रमानं, मॅनेजरच्या हातवाऱ्यांसकट.

मॅनेजरला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. मग लक्षात आलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आता दर शनिवारी सकाळच्या मीटिंगला तो टाइसला शेजारी उभा करतो. स्वतःची नोंदवही मॅनेजरनं घरी ठेवलीय.

* * *

रूथचे आजोबा नगरहून आले. चर्चचे निवृत्त पाळक, म्हणजे धर्मगुरू, पांढरी दाढी, आणि घरातल्या नातीवर एकच राग: "मी मराठीत विचारतो, ही डचमध्ये उत्तर देते!" रूथला मराठी सगळी समजते. बोलायची वेळ आली की मात्र जीभ जड होते.

आजोबा एका गुरुवारी वर्गात येऊन बसले. त्या दिवशी गोष्ट होती एका कुंभाराची. तो शेवटी भट्टी विझवून गाव सोडून जातो. सांगायची पाळी रूथची. मी म्हटलं, "रूथ, आज आजोबांना सांग. बाकीच्यांनी गोष्ट वाचलीच आहे."

पोरगी घाबरली. सुरुवात केली, अडखळली, एका वाक्यात दोन डच शब्द घातले. आजोबा पुढे सरकले आणि म्हणाले, "मंग?"

त्या 'मंग'नं काय केलं देव जाणे, पण रूथ बोलायला लागली. क्रियापदं भलत्याच जागी पडली, कुंभार मधेच 'ती' झाला, पण ती थांबली नाही. कुंभार गाव सोडून गेला, गोष्ट संपली. आजोबा म्हणाले, "आन् त्याच्या बायकोचं काय झालं?"

"पुस्तकात नाहीये, आजोबा."

"मंग तू सांग की."

आणि तिनं सांगितलं! बायकोनं भट्टी परत पेटवली, पहिली मडकी फुटली, दुसरी टिकली, बाजारात कुणी घेईना, मग घ्यायला लागले. हात हलवत, आजोबांच्या डोळ्यांत बघत, मराठीत. सुशीलाताई दारात उभ्या होत्या. पदर नव्हता, म्हणून स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले. मी शिक्षक म्हणून अगदी सुखावले.

टाइसला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण वेळेचं भान होतं. त्यानं पुस्तक उलटसुलट करून बघितलं आणि हात वर केला.

"मावशी, गोष्ट तर केव्हाच संपली ना? आमच्या प्रतींत पानं कमी आहेत का?"

* * *

आता मे महिन्याचं सांगते.

त्या गुरुवारी आम्ही एका बेटावरच्या म्हाताऱ्या टपालवाल्याची गोष्ट वाचत होतो. ओहोटीच्या वेळी तो चिखलातून चालत पलीकडच्या वाडीला जायला निघतो. खांद्यावर टपालाची पिशवी, पुढे कुत्रा. मधेच धुकं उतरतं, भरतीची वेळ होते, आणि पायाखाली पाणी लागतं. तिथेच बारा वाजले. बाराला त्या हॉलमध्ये ज्येष्ठांना सूप असतं, त्यात मिनिटाची सवलत नाही. दोन पानं राहिली. पुस्तकं कपाटात गेली.

मंगळवारी संध्याकाळी त्याच हॉलमध्ये पालकांची सभा. सहाही घरं गोल बसली. मुलं आतल्या स्वयंपाकघरात कप विसळत होती. चार वर्षं घरात बसण्याचं काय होतं ते मला माहीत होतं, आणि हा वर्ग गेला तर मी पुन्हा तिथेच जाणार होते. शिवाय खरं सांगू? मला ही नऊ पोरं कुणाला द्यायची नव्हती.

मारायकबाईंनी एकेकाला विचारलं. हो. हो. सुशीलाताईंनी तर दोनदा 'हो' म्हटलं. पाच घरं झाली.

"पीटर?"

पीटर ताठ बसले होते. "मी मत देऊ शकत नाही."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मी जलमंडळात काम करतो," ते म्हणाले. "भरतीचं मला कळतं. गोष्टीत वाऱ्याची दिशा दिलीय, वाडीचं अंतर दिलंय, म्हाताऱ्याचा गुडघा दुखतो हेही दिलंय. गुरुवारपासून मी हिशेब करतोय. तो माणूस पोचूच शकत नाही." मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "पोचतो का?"

"पीटर, ते सांगायचं नसतं," मी म्हटलं. "वाचायचं असतं."

मारायकबाई उठल्या आणि कपाट उघडलं.

मी ती दोन पानं वाचली. शेवट तुम्हाला सांगत नाही, कधी हाती लागली तर गोष्ट तुमची तुम्ही वाचा. वाचून झालं, मी पुस्तक मिटलं.

मग पीटर उभे राहिले. एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि सांगायला लागले. शेवटची दोन पानं नव्हे, गोष्ट पहिल्यापासून! इंग्रजी पुरेना म्हणून डचमध्ये. पिशवीचा तुटका पट्टा, बायकोनं दाराशी दिलेली पावाची पुरचुंडी, धुक्यात मागे वळून बघितलं तर दिसेनासं झालेलं घर. मला निम्मं कळत होतं आणि तेवढं पुरत होतं. कॉफी गार झाली. शेवटाला त्यांचा आवाज बसला, त्यांनी घसा खाकरला, उरलेलं सांगितलं आणि खाली बसले.

स्वयंपाकघराच्या दारात लिडिया उभी होती, हातात कप पुसायचं फडकं.

"पापा, कुत्र्याचं राहिलं."

पीटर पुन्हा उठले आणि कुत्र्याचं सांगितलं. सगळं.

ते बसल्यावर मारायकबाईंनी नाक पुसलं आणि हळूच आठवण केली, "पीटर, तुमचं मत राहिलंय."

पीटरनी मान वर केली.

"कशाबद्दल?"