पाचावर धारण

मोजणीताईंना कशाकशाची भीती वाटायची हे सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. लिफ्टची वाटायची, कुत्र्यांची वाटायची, फोन जरा जास्त वेळ वाजला तरी वाटायची. अशा बाईनं बावीस वर्षं नोकरी कुठे करावी? तर जमिनीखालून टाकायच्या जाडजूड केबलींना लाखो व्होल्ट देऊन त्या टिकतात की फुटतात हे जिथे तपासतात, त्या हॉलमध्ये! त्यांचा धाकटा दीर तिथेच फिटर होता. तो म्हणायचा, "आमच्या वहिनींचं काम काय, तर पाचपर्यंत मोजायचं. आणि तेवढ्यासाठी कायम पाचावर धारण!" सगळे हसायचे. ताईही हसायच्या. खोटं काय होतं त्यात?

काम खरंच पाचपर्यंत मोजायचं होतं. केबलच्या टोकाशी साबणाच्या चिपेएवढा एक स्फटिक बसवलेला होता आणि त्यातून लेसरचा किरण आरपार सोडलेला. व्होल्टेज चढलं की विजेच्या जोरानं त्या उजेडाला स्फटिकात पीळ बसतो. हा पीळ आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण पलीकडे लावलेल्या गाळणीला बरोबर कळतो. पीळ नसला तर गाळणी उजेड अडवते. पीळ बसत गेला तर सोडत जाते, आणि काचेमागे ताईंच्या टेबलावरची सुई वर चढते. इथवर सोपं आहे. गोम पुढे आहे. व्होल्टेज आणखी वाढलं की पीळ फिरत फिरत मूळच्या जागी येतो, गाळणी पुन्हा अडवते आणि सुई निमूटपणे शून्यावर बसते. म्हणजे केबलमध्ये वीज नसली तरी शून्य, आणि माणसाचा कोळसा करण्याइतकी असली तरी शून्यच. म्हणून सुईचे फेरे मोजायचे. चढताना पाच, उतरताना पाच. फेरे मोजणारी एक पेटी होती, ती चार महिने दुरुस्तीला गेलेली. तोवर ताईंचे डोळे. उतरतानाचा शेवटचा फेरा पुरा झाला की त्या माइकमध्ये "पाच" म्हणायच्या आणि दीर केबलभोवतीच्या जाळीचं दार उघडून आत जायचा.

लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा हा दीर चौथीत होता. त्याचे पाढे ताईंनीच पाठ करून घेतले, गोवरात त्याच्या उशाशी त्याच बसल्या. इथे त्याला चिकटवलंही त्यांनीच, आणि ही आपली सगळ्यात मोठी चूक, असं त्यांना रोज सकाळी न चुकता वाटायचं.

दोन महिन्यांपूर्वी ताईंनी शंका येऊन सगळा हॉल तीन तास बसवून ठेवला होता. निघालं काहीच नाही. साहेबांनी तेव्हाच सुनावलं होतं, "ताई, पुन्हा असं झालं तर तुमची रवानगी स्टोअरमध्ये. तिथे नट-बोल्ट मोजा. ते हलत नाहीत."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी व्होल्टेज उतरायला लागलं. सुई चढली, उतरली. एक. दोन. तीन. चार. आणि ताईंना शिंक आली. एक नव्हे, लागोपाठ दोन. डोळे उघडले तेव्हा सुई शून्यावर स्वस्थ बसली होती.

पाचवा फेरा शिंकेत गेला, की झालाच नाही?

काचेपलीकडे दिरानं दाराच्या कडीला हात घातला होता. आत शिरल्यावर जमिनीला जोडलेली दांडी आधी केबलला टेकवायची असा नियम होता. पण वहिनींचा "पाच" ऐकला की हा पठ्ठ्या दांडी भिंतीशीच ठेवून जायचा. आताही ती भिंतीशीच होती.

"थांब!" त्या ओरडल्या. "हात लावू नकोस, तुला माझी शपथ आहे!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. साहेब पुढे आले. "आता काय झालं?"

"साहेब, चारच पाहिले मी."

"सुई शून्यावर आहे ना?"

"चारलाही शून्यावरच असते, साहेब."

"वहिनी, भूक लागलीय हो!" दीर ओरडला. दोघेतिघे हसले.

"दहा मिनिटं द्या," ताई म्हणाल्या. "वीज अडकली असेल तर ती थोडी थोडी गळणारच. पीळ सुटायला लागला की सुई हलेल."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि खुर्ची ओढून बसले. पाच मिनिटं गेली, सात गेली. सुई ढिम्म. स्टोअरमध्ये जाईन, आनंदानं जाईन, जन्मभर हसू देत मला, पण ही हलायला नको, असं ताई मनातल्या मनात घोकत होत्या.

नवव्या मिनिटाला सुई केसभर उचलली. मग आणखी केसभर.

दिरानं कडीवरचा हात काढून घेतला आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारेचा नट ढिला होऊन ती व्होल्टेज उतरता उतरता मध्येच सुटली होती, हे नंतर सापडलं.

साहेबांनी चहा मागवला, सगळ्यांसमोर ताईंची पाठ थोपटली. ताईंनी कप तसाच खाली ठेवला. शिंकून डोळे उघडले तेव्हा "पाच" हा शब्द जिभेवर आलेलाच होता, सवयीनं. मागच्या गुरुवारी त्या पाच म्हणाल्या होत्या. खरंच पाच पाहिले होते का? आठवेना. त्याच्या आदल्या आठवड्यात? तेही आठवेना.

संध्याकाळी दीर त्यांच्याकडेच जेवायला बसला. ताईंचं लक्ष त्याच्या बोटांवरून हलत नव्हतं.

"मी साहेबांना सांगणार आहे," त्या म्हणाल्या, "मला स्टोअरमध्येच टाका म्हणून."

"काहीतरीच काय, वहिनी!"

"अरे, मी शिंकले रे तेव्हा. मला काही कळलं नव्हतं."

तो खो खो हसला. "बघा, तुमची शिंकसुद्धा कामाची!" मग घास तसाच हातात धरून हळूच म्हणाला, "दांडी लावत जाईन मी, तुमची शपथ. पण खरं सांगू? तुम्ही काचेमागे असलात ना, की मला भीतीच वाटत नाही."

ताईंनी त्याची बोटं मोजली, आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजली.